मायनरला मानसशास्त्र घ्यावं का? कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी घरात बोलायच्या काही गोष्टी

बारावीचा निकाल लागला की कोल्हारमध्ये पुढचे तीन-चार आठवडे आम्हा शिक्षकांच्या घरी येणारी माणसं वाढतात. पूर्वी प्रश्न एकच असायचा, "मॅडम, आर्ट्स घ्यायचं का कॉमर्स?" आता फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असले शब्द छापून येतात आणि शिकलेले पालकसुद्धा गोंधळतात. त्यात यादीत 'मानसशास्त्र' दिसलं की घरात तट पडतात. मुलगी म्हणते, मला हेच पाहिजे. दादी म्हणते, वेड्यांचं शिकून काय करायचं? अब्बू म्हणतात, नोकरी लागेल का तेवढं सांगा.

यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तरं मात्र बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर दिली जातात. म्हणून हा लेख. आपल्या भागातल्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, विशेषतः ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात चाललं आहे त्यांच्यासाठी.

मेजर-मायनर म्हणजे नेमकं काय

ज्यांनी पुणे विद्यापीठातून जुन्या पद्धतीने बी.ए. केलं त्यांना 'जनरल' आणि 'स्पेशल' हे शब्द आठवत असतील. पहिल्या वर्षी पाच-सहा विषय, पुढे त्यातला एक स्पेशल आणि बाकीचे जनरल. नव्या पद्धतीतलं मेजर म्हणजे साधारण ते स्पेशल, मुख्य विषय. पदवी त्याच्या नावाने मिळते. मायनर म्हणजे जोडीचा दुसरा विषय, जो तुकड्या-तुकड्याने नाही तर ओळीने शिकवला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, महाराष्ट्र सरकारने त्याची चौकट २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ठरवली. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि आपल्यासारख्या गावांजवळच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. आपला अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतो, त्यामुळे कोल्हार, लोणी, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, सगळीकडे हीच चौकट.

हिशोब क्रेडिटमध्ये होतो. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात, पण कॉलेजात सगळे क्रेडिटच म्हणतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यातले किमान १८ ते २० मायनरचे. म्हणजे तीन वर्षांत मिळून जवळपास ३०० तास. हे तास कमी नाहीत. रोज एक तास धरला तर दहा महिने भरतील. पण एखाद्याला मानसशास्त्रज्ञ बनवायला ते पुरेसेही नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे नोकरीचं बोलताना लागेल.

आता जिथे मुलं अडकतात ती गोष्ट. कला शाखेत पहिल्या वर्षी साधारण तीन विषय घेतात, आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या तीन विषयांत मानसशास्त्र नसेल, तर दुसऱ्या वर्षी कितीही आवडलं तरी ते मायनर म्हणून मिळणं अवघड. निर्णय खरं तर दुसऱ्या वर्षाचा वाटतो, पण तो होतो जूनमध्ये, पहिला फॉर्म भरताना, काउंटरवर गर्दी असताना, मागचा माणूस "चला ना पुढं" म्हणत असताना. मैत्रिणीने जे तीन विषय टिकमार्क केले तेच आपणही करायचे, असं दरवर्षी कितीतरी जणी करतात.

मेजर आणि मायनर एकाच शाखेतले असले पाहिजेत असंही बंधन चौकटीत नाही. कॉमर्सची किंवा सायन्सची मुलगीसुद्धा मानसशास्त्र मायनर घेऊ शकते. अट एकच, तिच्या कॉलेजने तशी सोय ठेवलेली असावी. कागदावरची सवलत आणि वेळापत्रकातली सवलत यात फरक असतो. दोन वर्गांचे तास एकाच वेळी लागले की सवलत संपली.

शिकवतात काय

वेड्यांचं शिकवतात हा गैरसमज आधी काढून टाकू. मानसिक आजारांचा भाग अभ्यासक्रमात असतो, त्याला अपसामान्य मानसशास्त्र म्हणतात, पण तो एका कोपऱ्यात. बाकीचा सगळा अभ्यास तुमच्या-आमच्यासारख्या माणसांचा: आपण शिकतो कसं, विसरतो का, राग येतो तेव्हा शरीरात काय होतं, बुद्धी मोजता येते का, माणूस एकटा असताना वेगळा आणि घोळक्यात वेगळा का वागतो.

आम्हाला बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइक, पावलॉव, पियाजे ही नावं तिथेच पहिल्यांदा ऐकली. परीक्षेपुरती पाठ केलेली ती नावं पुढे वर्गात उभं राहिल्यावर कामाला आली. चौथीतल्या मुलाला एखादी कल्पना समजत नाही तेव्हा तो ढ असतो असं नाही. कधी कधी त्या वयाच्या डोक्याला ती अजून पेलतच नाही. पियाजेने हेच वर्षानुवर्षं मुलांशी बोलून, खेळून मांडलं.

विसरण्याचं उदाहरण घ्या. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ केली, आणि किती तासांनी, किती दिवसांनी किती विसरलं ते मोजलं. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. त्याला दिसलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने उडतं, नंतर उडण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस सोडून-सोडून उजळणी केली तर कमी मेहनतीत जास्त टिकतं. आता आपल्या मदरशात हिफ्ज कसं होतं ते आठवा. आजचा नवा सबक, मग सबक-पारा, मग आमोख्ता. नवीन थोडं, कालचं परत, जुनं फिरून-फिरून परत. उस्तादांनी एबिंगहाउस वाचला नव्हता. अनुभवाने त्यांना जे कळलं ते प्रयोगशाळेने मोजून दाखवलं. आपल्याच मुलांचं दहावीचं पाठांतर मात्र अजून परीक्षेच्या आदल्या रात्री होतं, ही वेगळी गोष्ट.

प्रॅक्टिकल असतं हेही पुष्कळांना माहीत नसतं. आरशात बघून कागदावर चांदणी गिरवायची, हात सारखा उलटाच जातो, आणि दहाव्या वेळेपर्यंत चुका कशा कमी होतात ते नोंदवायचं. दोन सारख्या लांबीच्या रेघा, टोकांना बाण उलट-सुलट काढले की एक लांब का दिसते ते तपासायचं. थोडं संख्याशास्त्रही असतं, सरासरी, प्रमाण विचलन वगैरे. गणिताला घाबरून आर्ट्सला आलेल्यांना हे आधीच सांगून ठेवते. फार अवघड नाही, पण आहे.

मला स्वतःला सामाजिक मानसशास्त्राचा भाग सगळ्यात कामाचा वाटतो, आणि आपल्या मुलांनी तो जरूर वाचावा. एखाद्या गटाबद्दल डोक्यात तयार साचा का बसतो, भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून समोरच्याचा आवाज का बदलतो, हे सगळं त्यात अभ्यासाचा विषय म्हणून येतं, तक्रार म्हणून नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा असावा, काम एकच असावं, ते मिळून करावं लागावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असावा, तेव्हा फरक पडतो. आता गावातल्या मिरवणुकीतला शांतता समितीचा फोटो आणि शाळेच्या कबड्डी संघात एकत्र घाम गाळणारी पोरं, यातलं कुठलं जास्त टिकतं याचा अंदाज कुणालाही येईल. आणि एक, साचे फक्त दुसऱ्यांच्या डोक्यात नसतात. आपल्याही असतात. हा विषय तेही दाखवतो, म्हणून कधी कधी टोचतो.

नफ्स, वसवसा आणि दवा

उर्दूत मानसशास्त्राला नफ्सियात म्हणतात. शब्द नफ्सवरून आला. त्यामुळे उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला हा विषय नावापासूनच परका वाटत नाही. आणि विषयही परका नाही. नवव्या-दहाव्या शतकातले अबू जैद अल-बल्खी (इ.स. ८५० ते ९३४) यांचा 'मसालिह अल-अबदान वल-अनफुस' हा ग्रंथ शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याबद्दल आहे. शरीर दुखतं तसं मनही दुखतं, त्याकडेही तेवढंच लक्ष द्यावं, ही त्यातली मुख्य गोष्ट. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार मांडले, एक ज्याचं कारण माणसाला माहीत असतं, आणि दुसरं ज्याला कारणच सापडत नाही. आजचे डॉक्टरही पेशंटला जवळपास हाच प्रश्न विचारतात. अर्थात 'सगळं आपल्याच लोकांनी आधी शोधलं' असं म्हणून पुस्तक मिटवायची घाई नको. मधल्या हजार वर्षांत पुष्कळ काम झालंय आणि ते शिकल्याशिवाय कळणार नाही.

घरातलं उदाहरण देते, कारण हे बऱ्याच मोहल्ल्यांत दिसतं. एखादी व्यक्ती वजूला बसते आणि उठतच नाही. हात धुतले का, परत धुते. पाणी पोचलं का, परत. जमात निघून जाते, नमाज कजा होते, हाताची सालं निघतात. घरचे म्हणतात वसवसा आहे, दुर्लक्ष कर. कुणी म्हणतं जास्तच परहेजगार आहे. मराठीत याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. यात माणसाचा ईमान कमी नसतो आणि जास्तही नसतो. नको असलेला विचार सारखा येतो, कृती केली की क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभर बऱ्या वाटण्यानेच ते चक्र पक्कं होत जातं. उपचार आहेत. औषधं आहेत, आणि हळूहळू, ठरवून, परत न धुता थांबायला शिकवणारी वर्तनपद्धतही आहे. मायनर केलेली मुलगी हा उपचार करू शकत नाही, करूही नये. पण घरात हे चाललंय ते ओळखणारी आणि "अम्मी, डॉक्टरला दाखवू" म्हणणारी ती पहिली असू शकते. तेवढ्यानेही एखाद्याची चार-पाच वर्षं वाचतात.

मग दुआचं काय? हा प्रश्न विचारलाच जातो, आणि विचारावाच. गुजरातमधल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यावर आपल्याकडूनही कितीतरी कुटुंबं जातात. तिथे २००८ मध्ये 'दवा और दुआ' नावाने एक काम सुरू झालं. दर्ग्याच्या मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि जवळच मानसोपचार डॉक्टरांची सोय केली. ज्याला दुआ करायची आहे तो दुआ करतो, आणि मुजावरच त्याला सांगतात की औषधही घे. मला ही वाट फार शहाणपणाची वाटते. कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवलं नाही आणि पेशंटही वाऱ्यावर सोडला नाही.

याची दुसरी बाजूही माहीत असावी. तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. आतल्या रुग्णांना साखळदंडांनी बांधलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही, २८ जण गेले. त्या घटनेनंतर देश हादरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधणं बेकायदेशीर आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे कायदे आपल्या गल्लीत किती जणांना माहीत आहेत? मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला माहीत असतील अशी अपेक्षा धरायला हरकत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे दहात एक. आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. आपला समाज या आकड्याच्या बाहेर नाही.

आता नोकरीचं बोलू

अब्बूंच्या प्रश्नाकडे येते. सरळ सांगायचं तर मायनरला मानसशास्त्र घेतल्याने एकटं त्याच्या जोरावर नोकरी लागत नाही. जे कुणी तसं सांगत असेल ते फॉर्म खपवत आहे.

मायनरचा उपयोग जोडीने होतो. मेजर काय आहे त्यावर सगळं ठरतं. मराठी, उर्दू किंवा इंग्रजी मेजर घेऊन पुढे बी.एड. करायचं असेल तर मानसशास्त्राचा पाया थेट कामाला येतो. समाजशास्त्र मेजर आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. असेल तर फारच चांगली जोडी. कॉमर्सवाल्यांना माणसं निवडण्याच्या, सांभाळण्याच्या खात्यात, ज्याला एच.आर. म्हणतात, फायदा होतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. सीबीएसईच्या माध्यमिक शाळांना समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे, पण त्या जागेसाठी मायनरच्या पुढचं शिक्षण लागतं.

पुढे याच विषयात एम.ए. करता येईल का? येईल. यूजीसीने २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची जी चौकट काढली त्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाची वाट ठेवली आहे. विद्यापीठ गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर प्रवेश देईल. म्हणजे मायनरला मानसशास्त्र असणाऱ्या मुलीला एम.ए.चं दार बंद नाही, आणि हा मायनरचा मला वाटतो सगळ्यात मोठा फायदा. मेजर सुरक्षित विषयाचं ठेवून तीन वर्षांत आपल्याला हे खरंच जमतंय का, आवडतंय का, ते पारखून घेता येतं.

पण एम.ए. झालं म्हणजेही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही. रुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. आतापर्यंत त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचा एम.फिल. होता. तो बंद होत चालला आहे आणि त्याच्या जागी आरसीआयचे नवे अभ्यासक्रम येत आहेत. तिथवर जायचं असेल तर बारावीनंतर सात-आठ वर्षं धरून चला. मानसोपचार डॉक्टर, म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो आणखी वेगळा. तो आधी एमबीबीएस. औषध लिहायचा अधिकार त्याचा. या तिघांत लोक सर्रास घोटाळा करतात.

तीन महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट देऊन 'काउन्सेलर व्हा' म्हणणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. त्यातून काही शिकायला मिळत असेल तर शिका, पण त्या कागदावर कुणाच्या दुखऱ्या मनाला हात घालू नका.

घरी बसून एम.ए. करू, हे गणित आता बदललं

ही बातमी आपल्या घरांपर्यंत नीट पोचलेली नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे कितीतरी मुलींच्या बाबतीत असं ठरतं की आत्ता जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते बी.ए. कर, लग्नानंतर दूरशिक्षणातून पाहिजे त्या विषयात एम.ए. कर. मानसशास्त्रासाठी तर इग्नूचा रस्ता वर्षानुवर्षं वापरला गेला. यूजीसीने ऑगस्ट २०२५ मध्ये कळवलं की २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, आणि त्यात मानसशास्त्र, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवता येणार नाहीत. नवे प्रवेश बंद. कारणही पटण्यासारखं आहे, लोकांच्या मनावर काम करणाऱ्याने प्रॅक्टिकल न करता पदवी घेऊ नये. पण फटका बसतो तो ज्यांना घराबाहेर पडायला आधीच परवानगी कमी त्यांना.

मग काय करायचं? एक तर रेग्युलर कॉलेजातली ही तीन वर्षं जास्त मोलाची झाली. मानसशास्त्र वर्गात बसूनच शिकायचं असेल तर ते आत्ताच मायनर म्हणून घेऊन ठेवणं शहाणपणाचं. "नंतर बघू" म्हटलं तर नंतरची सोपी वाट उरलेली नाही. दुसरं, एम.ए.साठी नगर, पुणे किंवा नाशिकला जावं लागेल हे गृहीत धरून घरात आत्ताच बोलून ठेवा. तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी तो विषय काढला तर रडारड होते.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहून स्वस्त पडतो. कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर आहे, गाड्या मिळतात. पैशांपेक्षा अडचण असते ती संध्याकाळी किती वाजता घरी येणार याची. त्यामुळे प्रॅक्टिकलची बॅच सकाळची आहे का दुपारची, हा प्रश्न पालकांना क्षुल्लक वाटत असेल तर वाटू दे, विचारा.

कॉलेजात जाऊन काय विचारावं

ऑफिसच्या खिडकीवर नाही, थेट विभागात जाऊन विचारा. पहिला प्रश्न: या वर्षी मानसशास्त्र पहिल्या वर्षाच्या तीन विषयांत आहे का, आणि दुसऱ्या वर्षी ते मायनर म्हणून चालतं का? माहितीपुस्तिकेत नाव असणं आणि वर्ग भरणं वेगळं. पुरेशी मुलं आली नाहीत तर काही ठिकाणी विषय चालवत नाहीत, म्हणून मागच्या वर्षी किती मुलं होती तेही विचारा. मग शिक्षक. पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, कित्येक तर जीव तोडून शिकवतात, पण नेमणुका उशिरा झाल्या की पहिले दोन महिने वर्ग रिकामा जातो. आणि प्रयोगशाळा बघायला मागा. एक कपाट असेल तरी चालेल, पण ते उघडून दाखवलं पाहिजे.

माध्यमाची भीती असेल तर ती थोडी कमी करा. कला शाखेत पेपर मराठीत लिहिता येतो. बहुतेक चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत हे खरं, म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. उर्दू माध्यमाच्या मुलींना तिसरी भाषा सांभाळावी लागते. त्यांनी तीन रकान्यांची वही करावी: उर्दू, मराठी, इंग्रजी. हाफिजा, याददाश्त, स्मृती, मेमरी. माझ्या माहितीतल्या एका मुलीने अशी वही केली होती, आणि परीक्षेच्या आधी वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुली ती झेरॉक्स करायला मागत होत्या.

आणि हे सगळं करण्याआधी विषयाची चव घेऊन बघा, फुकट मिळते. बालभारतीचं अकरावीचं आणि बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मराठीत आहे, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर उतरवता येतं. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर मराठीत काम करते. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मराठी भाषणं यूट्यूबवर आहेत, घरातले सगळे मिळून ऐकू शकतात. अकरावीच्या पुस्तकाचे पहिले दोन धडे वाचून कंटाळा आला, तर मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका. वाचता वाचता दुपारचा चहा गार झाला, तर फॉर्मवर खूण करायला हरकत नाही.

घरात आत्ताच कुणाला त्रास होत असेल तर मुलीची पदवी पूर्ण व्हायची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फोन फुकट लागतो, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आपल्याला सगळ्यात जवळ म्हणजे लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढताना तिथे "मानसोपचार ओपीडी" एवढंच सांगायचं.